काजळाची होडी

पावसाळ्यात शाई वाळत नाही. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत छापखान्यात राबणाऱ्या कुणालाही विचारा, आभाळ भरलं की आमच्या कपाळाला आठ्या पडतात. कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, वरचा रंग खालच्या रंगावर नीट बसेनासा होतो, एकावर एक रचलेले ताव एकमेकांना चिकटतात. आमचा छापखाना औषधांच्या खोक्यांचा. गोळ्यांच्या खोक्यावरचा निळा हा निळाच लागतो, जांभळट चालत नाही, आणि तो तसा आहे की नाही हे बघायचं काम माझं. डोळ्याला भिंग लावायचं, ताव उजेडात धरायचा, केसभर रंग सरकलेला दिसला की अख्खा गठ्ठा बाजूला. मशीनवरची पोरं पाठीमागं मला खडूस म्हणतात. म्हणू देत की. मला चूक पकडायला ठेवलंय, गोड बोलायला नव्हे.

या वर्षीच्या ओलीनं घरातली पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. बायको म्हणाली, "कपड्यांना कुबट वास मारायलाय, जरा बघा की." आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, इतकी वर्षं गोव्यात काढली तरी ही ओल काही अंगवळणी पडत नाही. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक कागद निघाला. निळा समुद्र, तांबडा कडा, कड्यावर किल्ला, आणि मधोमध बोटभर लांबीची काळी होडी. कडेनं बुरशीचे ठिपके चढले होते. होडीपर्यंत अजून पोचले नव्हते. मी तो कागद तसाच परत गुंडाळला आणि बायकोला म्हणालो, काही नाही, जुनी रद्दी आहे.

दुसऱ्याच दिवशी केरीहून मेस्तांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "पुता, मी आता चार दिवसांचो. माझ्या आधी पोराचा क्रियाकर्म करून टाकूक होया. ती आयकणा नाय. तू येऊन तिका त्या होडयेचा खरा काय ता सांग."

मेस्त म्हणजे पुंडलिक मेस्त, केरीचे होड्या दुरुस्त करणारे सुतार, एका पावसाळ्यापुरते माझे घरमालक. पोर म्हणजे उमेश, त्यांचा एकुलता एक, सात वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो सापडलाच नाही. ती म्हणजे उमेशची बायको सुनंदा. ती अजूनही कपाळाला कुंकू लावायची, कारण तिच्या घरच्या भिंतीवर माझ्याकडे आहे तसाच एक कागद लावलेला आहे, आणि त्यातली होडी घराकडे येते आहे. आणि होडीचं खरं काय ते म्हणजे, ती होडी येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

त्या पावसाळ्यात तुयेला खोल्या मिळत नव्हत्या. एकेका खोलीत आठ-आठ जण, सगळे आमच्याच कोल्हापूर-बेळगावकडचे, रात्रपाळीवाला उठला की त्याच्याच गरम अंथरुणात दिवसपाळीवाला आडवा. मला ते जमेना. कुणीतरी केरीच्या मेस्तांचं नाव सांगितलं. मोटरसायकलवरून भिजत यायला लागायचं, पण खोलीला समुद्राकडचं जनेल होतं, म्हणजे खिडकी. माझ्या गावाकडं पाणी म्हणजे विहीर नाही तर हिरण्यकेशी. पहिले चार दिवस मी त्या जनेलाशी उभा राहून नुसता बघत होतो. मग भीती वाटायला लागली. रोज समुद्र थोडा पुढं यायचा, सुरूच्या झाडांची मुळं उघडी करायचा, आणि एखादं झाड सकाळी वाळूवर आडवं पडलेलं दिसायचं.

समुद्र बंद होता. पावसाच्या दिवसांत मासेमारीला बंदी, होड्या ओढून झावळ्यांच्या मांडवात उलट्या घातलेल्या, आणि मेस्तांना काम तेव्हाच. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ जाईपर्यंत सगळ्यांची डागडुजी उरकायची. घरभर सुक्या बांगड्याचा वास, रंध्यातून निघालेल्या ढलप्यांचा वास, चुलीत भाजलेल्या फणसाच्या भिकणांचा, म्हणजे आठळ्यांचा, वास. पाऊस कौलांवर बोलायला लागला की आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू यायचं नाही. उमेशनं बापाचं सुतारकाम उचललं नव्हतं. "लाकडाक चिकटान ऱ्हवण्यापरास पाण्यार बरो," म्हणायचा. सदा हसतमुख, मला 'कोल्हापूर' अशीच हाक मारायचा. "काय कोल्हापूर, आज तांबडो रस्सो काय आमचो हुमण?" आणि माशाच्या हुमणाची वाटी आधीच पानात ओतलेली असायची.

त्याच दिवसांत छापखान्यात एक वेगळं काम आलं. परदेशी गिऱ्हाइकासाठी भिंतीवरचं कॅलेंडर, बारा महिन्यांना बारा चित्रं, सगळी जपानी, लाकडी ठशांवरून छापलेली, आणि सगळ्यांत समुद्र. खोक्यांवर जन्म घालवलेला माणूस मी, मला चित्रांतलं काय कळतंय? पण त्या तावांवर भिंग ठेवलं आणि हललोच नाही. एका चित्रात तीन लांबट होड्या लाटेखाली, माणसं पाठीवर पाठ अशी वाकलेली. एकात किनाऱ्यावर पाऊस, तो पाऊस म्हणजे सरळ तिरक्या काळ्या रेघा, आणि गवताच्या इरल्यांत डोकी खुपसून चाललेली माणसं. एकात ओहोटीच्या वाळूवर शिंपले वेचणाऱ्या बायका. एकात नुसता कडा, त्यावर वाकडं झाड आणि खाली रिकामं पाणी. कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही. समुद्र मात्र रेघ न् रेघ दिसतो.

कॅलेंडरच्या पाठीवर बारीक अक्षरांत माहिती होती. ती मी डबा खाता खाता वाचून काढली. चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. एका फळीवरून काळ्या रेघा, दुसरीवरून निळा, तिसरीवरून तांबडा, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात दोन खाचा. आमच्या चार रंगांच्या मशीनवर कोपऱ्यात फुली छापतात ती तीच खाच, फक्त आमची लोखंडात. तो गडद निळा जहाजातून परदेशातून यायचा म्हणे. वरच्या कडेला आभाळ गडद करत न्यायचं आणि खाली पुसट सोडायचं, ते छापणारा दर कागदाला हातानं फळी पुसून करायचा. आणि खाली नाव कुणाचं? चित्र काढणाऱ्याचं! छापणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठंच नाही. मला रागच आला. म्हटलं, बघा, तिथंही आपली हीच गत.

वाया गेलेले ताव मी घरी आणले. मेस्तांनी ते ओसरीवरच्या बांकावर पसरले आणि चष्मा पुसून वाकले. चित्र कसं आहे यावर अवाक्षर नाही. होडीच्या फळ्या एकमेकींत कशा बसवल्यात, वल्ही कुठं बांधलीत, तेवढंच. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "होडी करणाऱ्यान काढूक नाय ही. पण बघल्यान नीट. हे मनीस कशे वाकले बघ. लाट आयली की अशेच वाकतत."

उमेश दारात उभा राहून उंडा पाव चहात बुडवून खात होता. म्हणाला, "बाबा, पण ही लाट पडतली कधी?"

"पडूची नाय ती. कागदार आसा."

"मगे बरा आसा हेंचा!" असं म्हणून तो मोठ्यानं हसला. सुनंदा आतून ओरडली की चहा सांडू नकोस बांकावर.

ते हसणं माझ्या कानांतून अजून जात नाही. त्या चित्रांत कुणी बुडत नाही. लाट उचललेली आहे, माणसं वाकलेली आहेत, पुढं काय झालं ते कोरणाऱ्यानं कोरलंच नाही. त्या वेळी मला ते फार भारी वाटलं होतं. आता ते कॅलेंडर कुठं दिसलं की मी मान फिरवतो.

आपणही एक छापू, ही कल्पना माझीच. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. रविवारी पाऊस जरा थांबला तेव्हा मी किनाऱ्यावर बसून चित्र काढलं. केरीच्या वाळूवर उभं राहून तेरेखोलच्या किल्ल्याकडं तोंड केलं की डाव्या हाताला उघडा समुद्र, उजव्या हाताला नदीचं मुख, आणि मुखातून आत गेलं की घरं. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे. लाकडावर कोरायचं ते उलटं कोरावं लागतं, कारण कागद फळीवर पालथा पडतो आणि डावं ते उजवं होतं. म्हणून मी पातळ कागदावरचं चित्र खळ लावून फळीवर पालथं चिकटवलं, आणि मेस्तांनी त्यावरून पटाशी चालवली. फणसाचं लाकूड. पटाशी अशी फिरायची की जणू खालचं लाकूडच वाट देतंय. निळ्याची एक फळी, तांबड्या कड्याची एक, रेघांची एक.

रंग घरचेच. निळ्यासाठी कपड्यांना घालतात ती नीळ, तांदळाच्या पेजेत घोटलेली. तांबड्यासाठी अंगणातली चिऱ्याची माती वस्त्रगाळ करून. काळ्यासाठी सुनंदानं तेलाच्या दिव्यावर तवा उपडा ठेवून काजळ धरलं. ती हसत होती, म्हणत होती, "बाळाक घालूक काजळ धरतत, ह्यांका कागदाक होया." तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. कागद घासायला नारळाच्या करवंटीचा डवला उलटा धरून. जपानी माणूस बघता तर कपाळावर हात मारून घेता, पण छाप चांगला उठायचा.

चित्रात होडी नव्हती. मी काढलीच नव्हती, मला होडी काढता येत नाही. मी पाळीवर गेलो असताना मेस्तांनी आपल्या मनानं एक छोटी फळी घेतली आणि तीवर होडी कोरली. आयुष्यभर जी बघितली तीच, केरीच्या वाळूवरून बघितलेली, डावीकडं नाक करून समुद्रात निघालेली. पुढं वाकलेला एक माणूस, मागं जाळ्याचा ढीग. इतकी नेटकी की मी त्यांचे हात धरले, दिशा बघायचं भानच राहिलं नाही. पण ती त्यांनी सरळ कोरली होती. ती उलटी कोरायला हवी होती, हे सांगायला मी घरी नव्हतो आणि त्यांना ते सुचलं नाही. दारावर वेलबुट्टी कोरणाऱ्या सुताराला कसं सुचावं? तो कोरतो तेच लोक बघतात.

सगळ्यांत शेवटी होडीची फळी लावली. काजळ लावलं, कागद खाचांना टेकवला, डवला फिरवला, कागद उचलला. उजवीकडं नाक. होडी नदीच्या मुखाकडं तोंड करून घरी येत होती.

मला तेव्हाच दिसलं. माझ्या डोळ्यांतून अशी गोष्ट सुटत नाही. तोंड उघडणार इतक्यात सुनंदा वाकली आणि म्हणाली, "अगोबाय, आमचे घराक येतत!" उमेश म्हणाला, "भूक लागली आसतली!" मेस्त स्वतःच्या कोरीव कामाकडं बघत असे काही हसत होते की त्या घरात त्यानंतर तसं हसणं मी ऐकलं नाही. म्हटलं, मरू दे. जातेय काय आणि येतेय काय, कुणाचं काय बिघडतंय? पाच कागद धड निघाले. एक त्यांनी भिंतीवर लावला, एक मी घेतला.

समुद्र उघडायला आठवडा राहिला होता. त्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता, म्हणून उमेश धरून तिघं जण एक छोटी होडी घेऊन मुखापर्यंत जाळं टाकायला गेले. मुखावर, नदी आणि समुद्र भेटतात तिथं, वाळूचा दांडा आहे, त्यावर लाट फुटते. मी पाळी संपवून दुपारी परतलो तर किनाऱ्यावर गाव उभा. दोघं पोहत बाहेर आले होते. उमेश आला नव्हता. होडी तिसऱ्या दिवशी रेडीच्या बाजूला पालथी मिळाली. मेस्तांनीच दुरुस्त केलेली, त्यांनी बसवलेली नवी फळी जागच्या जागी, एक खिळा हललेला नव्हता. ते त्या फळीवर हात फिरवत राहिले आणि "सांदो सुटूक नाय, सांदो सुटूक नाय," एवढंच म्हणत राहिले. त्यांना उठवता उठवता आम्हां चौघांच्या नाकी नऊ आले.

प्रेत मिळालं नाही. पंधरा दिवस लोक रोज किनारा धुंडाळत होते, मीही जात होतो, आणि खरं सांगतो, रोज मनात म्हणत होतो, मला नको सापडायला, दुसऱ्या कुणाला सापडू दे. नारळीपौर्णिमेला गावानं नारळ घातला. मेस्त गेले नाहीत.

त्यानंतरच्या एका दुपारी सुनंदा ओसरीवर बसून सूप पाखडत होती. सुपात तांदूळ नव्हतेच, नुसतं सूप हलवत होती. मी तिथून जाताना तिनं उघड्या दारातून आतल्या भिंतीकडं बोट दाखवलं. मला ती भाऊ मानायची. "भाव, तुम्ही छापणारे. ही होडी येताच आसा न्हय?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. औषधाच्या खोक्यावर एक अक्षर चुकलं तर मी अख्खी पाळी डोक्यावर घेतो. महिन्याभरात मी खोली सोडली. कारण काढलं लांब पडतं म्हणून. भ्याडपणा होता तो, दुसरं नाव नाही त्याला.

प्रेत नसलं तर काय करायचं, याचीही रीत आहे. भटजींनी तेव्हाच सांगितली होती. दर्भाचा माणूस करायचा, पळसाची पानं लावायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. सुनंदानं साफ नकार दिला. "जितो मनीस घराक येताना तेका जाळतास काय?" तिचं ते बोलणं ऐकून मोठ्या माणसांनी विषय सोडला. वाटलं, दुःखात आहे, निवळेल. वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. ती तुयेला आमच्या शेजारच्याच कारखान्यात लागली, गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायला. म्हणजे मी तपासून सोडलेली खोकी तिच्या हातांखालून जातात. फाटकावर कधी समोर आली की "भाव, बरे मां?" म्हणून विचारायची. कपाळावर ठळक कुंकू, गळ्यात काळे मणी. मी घड्याळ बघत सटकायचो.

गावात तिचं काय झालं होतं ते मला सगळं कळत होतं. हळदीकुंकवाला बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर पंचाईत. सवाष्णींच्या पंगतीत ती येऊन बसली की वाढणारीचा हात घटकाभर अडायचा. चवथीला शेजारच्या बायका तिच्या दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन यायच्या आणि आत जावं की नाही म्हणून उंबऱ्याशी घोटाळायच्या. मग त्यांनी यायचंच सोडलं. माहेरचे दुसरं लग्न करू म्हणत होते, तर ती म्हणे, "एक घो आसताना दुसरो कित्याक?" सत्ताविसाव्या वर्षी थांबलेली बाई चौतीस वर्षांची झाली. आणि तिला थांबवून धरणारी गोष्ट कुठली? बोटभर होडी, तिनंच धरलेल्या काजळाची.

मेस्तांनाही चूक कळली होती. कधीतरी ती छोटी फळी हातात आली, आणि भिंतीवरचा कागद समोर होता. फोनवर म्हणाले, "माझ्या तोंडातसून येणा नाय रे. आणि तिका वाटतला, म्हाताऱ्याक पोराचा करून मोकळा होवचा आसा म्हणून खोटा सांगता. तू छापणारो. तुझा आयकतली."

रविवारी गेलो. सुरूची निम्मी झाडं आता समुद्रातच आहेत. मी जिथं बसून चित्र काढलं होतं ती वाळूच उरलेली नाही. मेस्त ओसरीवर लाकडी खुर्चीत, कदेलावर, पायांवर गोधडी, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा. मला हातानंच आत जा म्हणून खुणावलं. सुनंदानं चहा टाकला, पाववाल्या पोदेराकडचे ताजे उंडे पुढं ठेवले. भिंतीवर तो कागद. रोजच्या धुरानं पिवळा पडलेला, पण बुरशीचा एक ठिपका नाही. ती रोज पुसत असणार.

चहा तसाच राहिला. मी म्हणालो, "सुनंदा, ती होडी येत नाही. ती जातेय."

तिला वाटलं मी असंच काहीतरी बोलतोय. मग मी सगळं सांगितलं. फळीवर उलटं कोरायचं असतं, बाकीचं मी पालथं चिकटवून दिलं होतं, होडी मेस्तांनी मागनं सरळ कोरली, म्हणून ती कागदावर फिरली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि ती छोटी फळी घेऊन आली. तांदळाच्या डब्यात ठेवली होती, फटींत तांदळाचं पीठ बसलेलं. तिनं ती कागदाशेजारी धरली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"म्हणजे लाकडार जाता आणि कागदार येता."

"हो."

"आणि मामांनी मनात धरल्यानी ती?" तिनं ओसरीवरच्या सासऱ्यांकडं बोट केलं.

"जाणारी."

बाहेर मेस्त खोकले. तिनं फळी मांडीवर ठेवली. "तुमका कधी कळला?"

"त्याच दिवशी. छापल्या छापल्या."

"तेव्हा ते होते. हसत होते. तेव्हाचा सोडा." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मागीर मी तुमका विचारलंय. हयच, भायल्या ओसरेर. तुम्ही काय सांगितलात?"

मी चहाचा कप बाजूला सारला.

"आमच्या लायनीत पोरी सांगतत, त्या छापखान्यात एक मनीस आसा, केसाएवढी चूक दिसली तर गठ्ठो फेकता. मी सांगतंय तेंका, वळखीचो माझ्या, आमच्या घरात ऱ्हवलोहा." तिनं कागदाकडं बोट केलं. "सात वर्षां ही भिंतीर होती, भाव. ही नाय दिसली तुमका?"

काय सांगणार होतो मी? दया आली म्हणून गप्प बसलो असं म्हणालो असतो तर तेही खोटंच झालं असतं. मला तिच्या चेहऱ्याकडं बघायचं नव्हतं, एवढंच खरं कारण. तेवढ्यासाठी मी तिची सात वर्षं जाऊ दिली. मी म्हणालो, "चुकलं माझं." तिनं चहाचे कप उचलले आणि मोरीत नेऊन घासायला बसली. मग आतूनच म्हणाली, "मामा, भटाक निरोप धाडा."

परवा तो विधी झाला. नदीच्या काठावर, पाऊस उघडल्याची संधी बघून, भर दुपारी. भटजींनी दर्भाचा माणूस बांधला, अंगावर पळसाची पानं लावली, डोक्याला नारळ. चार हात लांबीचा, हलका इतका की वाऱ्यानं सरकू नये म्हणून पायांशी दगड ठेवावे लागले. मेस्तांना दोघांनी बगलेत धरून आणलं होतं. बापानं पोराला अग्नी द्यायचा. बायकांनी अशा जागी यायचं नसतं, पण सुनंदा आली. कपाळ मोकळं. कुणी तिला परत जा म्हणालं नाही, कुणाची छातीच झाली नाही.

पदराखालून तिनं ती छोटी फळी काढली. दर्भाच्या माणसाशेजारी गुडघ्यावर बसली आणि फळी हातात धरून थांबली. समोर तेरेखोलचा किल्ला, डावीकडं समुद्र, उजवीकडं मुख. माझ्या चित्रातलं सगळं जसंच्या तसं. मग तिनं मान वर करून सगळ्या गर्दीतून मला शोधून काढलं.

"भाव," ती म्हणाली, "तोंड खंय करू हेचा? आता तरी नीट बघून सांगा."

मी पुढं झालो. तिच्या शेजारी बसलो. फळीवरच्या होडीचं नाक बघितलं, पुढं वाकलेला माणूस बघितला, मागचा जाळ्याचा ढीग बघितला. मग पाण्याकडं बघितलं. पुन्हा एकदा फळीकडं. आयुष्यात एवढ्या काळजीनं मी काही तपासलेलं नाही.

"समुद्राकडं," मी म्हणालो.

तिनं फळी तशी ठेवली. मेस्तांच्या हातात पलिता दिला, आणि त्यांचा हात वरून धरला. दर्भ लगेच पेटला. फणसाचं लाकूड मात्र टणक होतं, त्याला धरायला वेळ लागला. तोवर आम्ही तिथंच उभे होतो, आणि होडी समुद्राकडं तोंड करून तशीच होती.